उजव्या टोकाची जागा

(शाळेच्या कार्यालयाबाहेरची भिंत. शिक्षकांचे दरवर्षीचे गटफोटो ओळीने टांगलेले.)

मुलगी : दिसतंय ते सांगू, बाई, की वाटतंय ते?

बाई : आधी दिसतंय ते! सहा वर्षं घसा कोरडा करतेय मी. फोटो वाचायचा असतो, त्याला नुसतं ‘छान छान’ म्हणायचं नसतं.

मुलगी : हा तीन वर्षांपूर्वीचा. उजव्या टोकाला गाण्याचे सर. त्यांचा हात पीटीच्या सरांच्या खांद्यावर.

बाई : पुढे?

मुलगी : हे शाळेचं माहितीपत्रक. फोटो तोच, पण गाण्याचे सर कापलेत. पीटीच्या सरांच्या खांद्यावर नुसती चार बोटं उरलीत.

बाई : अगं बाई! रोज इथून जाते मी.

मुलगी : त्याच्या पुढच्या वर्षीच्या फोटोत टोकाला शिवणाच्या बाई. हाताची घडी, शेजाऱ्यापासून हातभर लांब. गेल्या वर्षी ग्रंथपालकाका. तेही घडी घालून, हातभर लांब. दोघंही त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नाहीत. शाळेतही नाहीत.

बाई : मग वाटतं काय?

मुलगी : ज्याला काढायचं ठरलंय त्याला टोकाला उभं करतात. म्हणजे फोटो पुन्हा काढावा लागत नाही.

बाई : शंभरापैकी शंभर! आता हा कालचा घे. आजच आलाय.

मुलगी : तो नको, बाई.

बाई : का गं? मुख्याध्यापक स्वतः म्हणाले, ‘बाई, जरा कडेला सरका, तुमच्यावर उजेड छान पडतोय.’ सोमवारी मला कायम केल्याचं पत्र मिळणार आहे.

मुलगी : घडी आहे, बाई.

बाई : त्यांनीच घालायला सांगितली.

मुलगी : हो.

मुख्याध्यापक : (पट्टी-पेन्सिल घेऊन कार्यालयातून बाहेर येत) वा! वर्ग आज भिंतीपाशी भरलाय वाटतं?

बाई : सर, सोमवारचं पत्र... कायम केल्याचंच ना?

मुख्याध्यापक : शनिवारी दिलं असतं तर तुमची सुट्टी नासली असती. म्हणून सोमवार.

बाई : मग मुलांना फोटो वाचायला कोण शिकवणार?

मुख्याध्यापक : येतंय की त्यांना! इतकं उत्तम शिकवलंत, बाई, की आता तुमची गरजच उरली नाही. ये गं मुली, ही पट्टी धर. मागे ती बोटं राहिली, गावभर हसं झालं. तुझी नजर तयार आहे. रेघ कुठे मारू?

मुलगी : बाई, सांगू?

बाई : मोठ्यांनी विचारलंय ना? सांग.

मुलगी : विज्ञानाच्या सरांच्या कोपरापासून दोन बोटं सोडून. पण बाईंची सावली त्यांच्या बुटांवर आलीये, सर. ती राहील.

मुख्याध्यापक : राहू दे. सावलीला कोण ओळखतंय?

बाई : सावलीचं मी शिकवलं नव्हतं हो, सर. ते हिचं हिने पाहिलं.