ताईच्या पाठवणीची मॉरिस

गॅरेजवाल्यांच्या वायद्यांचं माझ्यासमोर बोलूच नका. आमच्या ताईला आजोबांच्या जुन्या मॉरिसमधून सासरी पाठवायचं, असं आमच्या अप्पांनी मनात धरलं होतं. गाडी कर्जतला घरामागे कितीतरी वर्षं पडून होती. लोधिवलीच्या बाळू मिस्त्रीला सगळे पैसे आगाऊ देऊन अप्पांनी ती दुरुस्तीला टाकली. लग्नाच्या आदल्या दिवशी मिस्त्रीचा निरोप आला, "इंजिन चालू होत नाय. गाडी काय मिळायची नाय." अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खोपोलीहून नवरदेव आला, तो फुलांनी सजवलेल्या लखलखीत मॉरिसमधून. नंबर आमचाच. चालवत होता बाळू मिस्त्री.

व्याही कौतुकाने म्हणाले, "सूनबाईंसाठी खास भाड्याने आणली हो!"

मिस्त्री खाली उतरला आणि अप्पांना हळूच म्हणाला, "सायेब, पोरगी तुमच्याच गाडीतून चालली ना?"

अप्पा व्याह्यांना एवढंच म्हणाले, "गाडी फार छान आहे."

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी ते स्वतःच चालवायला बसले आणि लेकीला खोपोलीला पोचवून आले. मिस्त्री मागून बँडवाल्यांच्या टेंपोत, मोठ्या ढोलाला धरून आला.