उतरलेली पापणी

आयसीयूबाहेरच्या बाकावर शिंपी भावाच्या रिपोर्टची वाट बघत, पेपर चाळत बसला होता. शेजारी दोघी जावा. धाकटी नुकतीच नवऱ्याला बघून आली होती.

"ताई, इंजेक्शन लागू पडलं! पापणी उतरलीय त्यांची."

"पापणी उतरली म्हणजे चांगलं? काहीतरीच काय!"

"डॉक्टरच म्हणाले. रक्तस्रावानंतर मेंदूतल्या रक्तवाहिन्या आक्रसल्यात ना? मानेतली नस बधिर केली की त्या सैल पडतात, मेंदूला रक्त पोचतं. आणि टोचलं त्याच बाजूची पापणी उतरते. तीच खूण."

"सुटलो गं बाई! सासूबाईंना कळवलंस?"

"लगेच. रडल्याच त्या."

"भावोजींची मान दुखत असेल."

"उजवीकडे एवढीशी पट्टी आहे. डावा डोळा मात्र पार अर्धा मिटलाय."

शिंप्याच्या हातातला पेपर खाली आला.

"डावा?" थोरलीने विचारलं.

"हो... डावाच."

"समोरून बघताना डावं-उजवं उलटं होतं, गडबडली असशील. एवढंच सांग, पट्टी आणि पापणी एकाच बाजूला होती ना?"

धाकटीने स्वतःच्या मानेला हात लावला, मग डोळ्याला.

"अगं, बोल ना!"

"नाही ताई. मग पापणी कशानं उतरली?"

शिंपी केव्हाच उठला होता. दाराजवळच्या बेलवर त्याने अंगठा दाबला, तो उचललाच नाही.