शांततेसाठी बंद केलेला पंखा

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाळकसाहेब, आमच्या शवपेट्यांच्या कारखान्याचे मालक, बाबांचे सोबती आणि जमलेल्या सर्व वडीलधाऱ्यांनो,

बाबांना कामावरून निरोप देण्याआधी एक दुरुस्ती करते. गेल्या रविवारी चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची विनंती करताना मी म्हणाले, की कारखान्यातला धूळ ओढणारा पंखा मालकांनी बिघडू दिला, म्हणून बाबांची फुप्फुसं गेली. ते खरं नव्हतं. पंखा धडधाकट होता. तो बाबाच बंद करत.

का? पुढच्या खोलीत माणसं पेटी निवडायला येतात. कुणाची आई गेलेली, कुणाचं लेकरू. पंख्याची घरघर त्यांच्या कानावर पडू नये म्हणून बाबा बटण दाबत, लाकूड घासायचं यंत्रही थांबवत आणि हातानेच पॉलिश पेपर घासत राहत. आधी घटकाभर. मग माणसं दिवसभर येऊ लागली, नि पंखा दिवसभर गप्प राहू लागला. मालकांनीही कधी विचारलं नाही. राग नसावा, साहेब, पण ती शांतता तुमच्याही सोयीची होती.

माझी पहिली शाळा तिथलीच. बाबांनी मला अक्षरं गिरवायला लावली ती तिथल्या लाकडाच्या भुशात, बोटाने. रंगारी काका त्यांना चिडवत, "अहो, आत झोपणारा तक्रार करतो का? झाकण आतून कशाला एवढं घासताय?"

बाबा म्हणत, "तो नाही करत. पण त्याची आई हात फिरवून बघते ना!"

प्रभूनेही सुताराच्या घरात हात झिजवले, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, असं ते सांगत. काम नीट करायचं, गाजावाजा करायचा नाही, हीच त्यांची उपासना.

आज बाबांना इथवर चढता आलं नाही. अध्यक्षांनाच हार घेऊन खाली उतरावं लागलं. मग मला प्रश्न पडतो, शांतपणे जगणं म्हणजे श्वास कोंडून जगणं का? सकाळी मी त्यांना विचारलंही. ते थांबत थांबत म्हणाले, "मी... लोकांचं दुःख... जपलं गं."

"आणि माझ्या आईचं?" मी म्हटलं.

त्यांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

बाबांची जागा मला दिलीत, साहेब, त्याबद्दल मनापासून आभार. घर आता त्याच पगारावर आहे. मघाशी तुम्ही मायेने म्हणालात, "पोरी, बाबांसारखीच शांत राहा हं." राहीन. झाकणं आतूनही घासीन. पण पंखा चालू ठेवून. पुढे कुणी रडत आलं, तर बाहेर जाऊन हात जोडीन आणि सांगेन, "दादा, थोडा आवाज होईल. आत जिवंत माणसं आहेत."

पाळकसाहेबांचे आणि आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. कमीजास्त बोलले असेन तर घरचीच पोर समजून पदरात घ्या. कामाला उभी राहिले की पहिलं बटण पंख्याचं दाबणार आहे. ते चालणार नसेल, तर मला त्याच दिवशी घरी पाठवा. येत्या सोमवारी.