तक्रारपेटीची किल्ली

पैज फालतूच होती. चर्चच्या तक्रारपेटीची किल्ली फादरकडेच निघाली, तर चर्चच्याच सुरक्षा समितीच्या अध्यक्षाने मिशी उतरवायची. त्याच्या शेजारचा प्लंबर जिंकला आणि अध्यक्षाला घेऊन सलूनमध्ये आला. सलूनवाल्याने वस्तरा पुसता पुसता कान टवकारले.

"फादरच सांगायचे, पेटी रिकामी आहे. आम्ही तसं लिहून घ्यायचो," अध्यक्ष म्हणाला.

"माझ्या पोरीने त्यांच्याबद्दलच तीन चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

"अरे, मग मला सरळ सांगायचंस की."

"दोनदा सांगितलं. फादर देवमाणूस आहेत म्हणालास. मिशीवर आलं तेव्हा कुठे बूड हललं तुझं."

"साहेब, बसा. पूर्ण काढू?"

"पूर्ण. पण खुर्ची बाहेर फुटपाथवर घे. आता चर्च सुटेल."

"लोक विचारतील, साहेब."

"विचारू देत. किल्ली कोणाच्या खिशात होती, ते एकेकाला सांगतो."