विटकरी कापड

माझं नाव रशीद. दवाखान्यात सगळे रशीदभाई म्हणतात. जन्म पुण्यातला, भवानी पेठेतला, वडील तिथलेच, आजोबाही तिथलेच, त्याच्या मागचं मला माहीत नाही, आणि कोणी विचारलं की तुम्ही मूळचे कुठले, तर मी म्हणतो मूळचा भवानी पेठेतला, त्याच्या खाली खणायचं असेल तर तुम्ही खणा. वडील बँडवाल्यांचे कोट शिवायचे, लग्नाच्या वरातीतले, लाल कापड, सोनेरी फीत. मार्केट यार्डातला हमाल वडिलांनी शिवलेला कोट घालून बँडात उभा राहिला की नवरीचा बाप त्याला अहो म्हणायचा, कोट उतरला की अरे. वडील हे हसून सांगायचे, आम्ही पोरंही हसायचो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, सातवीला सोडली, मशीनवर बसलो, तो अजून बसलेलोच आहे.

दवाखान्यात लागलो तेव्हा माझं लग्न ठरत होतं, सासऱ्यांना पक्की नोकरी हवी होती. दवाखान्याचं नाव तुम्ही लिहू नका. मोठा आहे, ट्रस्टचा आहे, एक जुनी इमारत आणि एक नवी, मध्ये झाकलेला लांब रस्ता. जुन्या इमारतीत मोफतचे पेशंट, नव्या इमारतीत पैसे भरणारे. जुन्या इमारतीच्या तळघराशेजारी माझी शिलाईची खोली. चादरी, पडदे, ऑपरेशनची कापडं, आणि पेशंटचे गाऊन, मागून नाड्यांनी बांधायचे असतात ते. फाटलेलं येतं, ते जोडायचं, नवं लागतं, ते शिवायचं. हेच माझं आयुष्य, यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पूर्वी सगळे गाऊन पांढरे असायचे. मग एकदा स्टोअरचे साहेब आले, म्हणाले रशीदभाई, जेवणाच्या गाड्यांचा घोळ होतो, धुलाईला कपडे एकमेकांत जातात, तर आता नव्या इमारतीला आकाशी आणि मोफतवाल्यांना विटकरी. कापडाचे तागे आले. मी विचारलं विटकरीच का, तर म्हणाले डाग दिसत नाहीत. मला पटलं. काय सांगू तुम्हाला, मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट मी विटकरी कापडाला हात लावून पाहिला आणि म्हटलं, साहेब, माल बरा आणलात.

पण कापड बोलायला लागलं. वर्षभरात सगळे म्हणायला लागले, दोन विटकरी पाठवा, एक विटकरी लिफ्टपाशी उभा आहे, त्याला हटवा. लिफ्टवाला आकाशी गाऊन दिसला की दार धरून ठेवायचा, विटकरी दिसला की जिना दाखवायचा. शिकाऊ डॉक्टर आकाशीला विचारायचे, काका, कसं वाटतंय, आणि विटकरीला म्हणायचे, हं, काय होतंय. कोणी वाईट नव्हतं हो. मीच बघा, रोज नव्या इमारतीत गठ्ठा घेऊन जायचो आणि वाटेत आकाशी पेशंट दिसला तर कडेला व्हायचो. विटकरी दिसला तर तो कडेला व्हायचा. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी दुपारचे साडेबारा झाले असतील. नव्या इमारतीत, झाकलेला रस्ता संपतो तिथेच, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक बाक आहे, त्यावर एक बाई बसली होती, तिशीची असेल, विटकरी गाऊन, एकटी. जुन्या इमारतीतली आया तिला आणून सोडून गेली होती, नंबरला वेळ होता. मी खांद्यावर आकाशी गाऊनचा गठ्ठा घेऊन चाललो होतो, तर तिने माझा शर्ट धरला. ओढला नाही, नुसता धरला. म्हणाली, दादा, पोटात लय दुखून राह्यलं, कोणाले तरी बोलवा ना. विदर्भाकडची बोली. मी म्हटलं, बसा, नंबर आला की बोलवतील. ती म्हणाली, दादा, आतून काहीतरी होऊन राह्यलं, डोळ्यापुढं अंधार येते. मी म्हटलं, तुमच्या इमारतीतली आया येईल तिला सांगा. तुमच्या इमारतीतली, असं म्हटलं मी. मी स्वतः त्याच इमारतीत बसतो, तिच्या वॉर्डापासून वीस पावलांवर. तिने शर्ट सोडला. म्हणाली, बरं दादा.

मी गेलो. गठ्ठा दिला, सही घेतली, पडद्यांची मापं घ्यायची होती ती घेतली, कॅन्टीनला चहा घेतला. परत आलो तेव्हा बाकापाशी धावपळ चालली होती, स्ट्रेचर आलं होतं, एका डॉक्टरने कात्रीने तिचा गाऊन पुढून वरपासून खालपर्यंत कापला. मी भिंतीला लागून उभा राहिलो. तिचा हात खाली लोंबत होता, तोच हात. संध्याकाळी तिला आणून सोडणाऱ्या आयाने सांगितलं, ती गेली. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता, ती नळी फुटली, आतल्या आत रक्त गेलं. अर्धा-पाऊण तास आधी कोणी बघितलं असतं तर, असं आया म्हणाली. तिला वाटलं आपण तिथे थांबायला हवं होतं. मी तिला सांगितलं नाही की मी तिथून गेलो होतो.

तिचं नाव मंदा. नवरा गजानन, हडपसरला एका गोदामात काम करायचा, यवतमाळकडून येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती.

आठवड्याने धुऊन आलेल्या फाटक्या कपड्यांत तो गाऊन माझ्या टेबलावर आला. पुढून कात्रीने कापलेला, दुरुस्तीला. डाग निघालेला होता, साहेब म्हणाले होते तसा, विटकरीवर काही दिसत नव्हतं. नाड्या माझ्याच हातच्या, मी दुहेरी टाका घालतो, तो मला कुठेही ओळखू येतो. मी दोन्ही बाजू जुळवल्या, मशीनखाली घातल्या, पायडलवर पाय ठेवला आणि पाय हलेना. कोणीतरी माझा शर्ट मागून धरलाय असं वाटलं. मागे कपाट होतं. तुम्ही म्हणाल वय झालं, मन कमजोर झालं. असेल. पण तेव्हापासून त्या झाकलेल्या रस्त्याने जाताना मला शर्टाला हात लागतो, अजून लागतो, डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर.

चौकशी झाली. कागदावर आलं की पेशंटसोबत नातेवाईक नव्हते, पेशंटने त्रास वाढल्याचं कोणाला सांगितलं नाही. मी ते नोटीस बोर्डावर वाचलं, त्यातलं शेवटचं दोनदा वाचलं: कोणाला सांगितलं नाही. तीन दिवस मी जेवलो नाही, बायको म्हणाली, अहो, काय झालंय ते मला सांगा नाहीतर ज्याला सांगायचं त्याला सांगा, असं ताटावर बसून राहू नका. मग मी थोरातबाईंकडे गेलो. थोरातबाई म्हणजे आमच्या मेट्रन, सगळ्या नर्सेसच्या वरच्या, बोलायला कडक, कोणाला कधी बसा न म्हणणाऱ्या. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, बसा रशीदभाई. आणि म्हणाल्या, तिथून त्या वेळात आणखी किती जण गेले असतील. मी म्हटलं, बाई, मला माझंच माहीत आहे. त्या म्हणाल्या, हे मीटिंगमध्ये सांगाल का, नोकरीला मी जबाबदार नाही. मी म्हटलं, सांगतो.

मीटिंगला विश्वस्त होते, मोठे डॉक्टर होते, स्टोअरचे साहेब होते, मी दाराजवळ उभा. थोरातबाईंनी मांडलं की गाऊनचा रंग एकच करा. साहेब म्हणाले धुलाईचं काय, जेवणाचं काय. एक विश्वस्त, म्हातारे, सभ्य माणूस, मला म्हणाले, रशीदभाई, इतकी वर्षं तुम्हीच शिवताय, कापडाचा काय दोष. मी म्हटलं, साहेब, दोष माझा. पण ती आकाशी गाऊनमध्ये असती तर मी थांबलो असतो, गठ्ठा खाली टाकून डॉक्टरला बोलवलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. तिने सांगितलं होतं साहेब, मला सांगितलं होतं, कागदावर चूक लिहिलंय. विश्वस्त म्हणाले, विचार करू.

त्यांनी चार महिने विचार केला. कागद दुरुस्त झाला नाही. दिवाळीच्या आधी नव्या गाऊनची मागणी आली, दोन्ही रंगांचे तागे माझ्या खोलीत आले. मी ते बघत बसलो. मग सगळं आकाशी कापड मांडून गाऊन कापले, लहान, मध्यम, मोठे, दोन्ही इमारतींना पुरतील इतके. आणि विटकरी कापडाच्या उशांच्या खोळी शिवल्या, त्याही दोन्ही इमारतींना. कोणाला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता कात्री चालवली, रेघ सरळ गेली.

स्टोअरचे साहेब आले ते लालबुंद. हे काय केलंत. मी म्हटलं, साहेब, कापलं गेलं, आता जुळत नाही. ते म्हणाले कोणाच्या आदेशाने, लेखी दाखवा. तेवढ्यात थोरातबाई दारात. म्हणाल्या, लेखी हवंय ना, माझ्याकडून घ्या, आत्ता देते, आणि पेन नसेल तर तेही देते.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. कोण कुठला ते कळेना, मग विचारावं लागायचं. लिफ्टवाला विचारायचा, आपण कुठे जाणार. शिकाऊ डॉक्टर विचारायचे, आपलं नाव काय, काय त्रास होतोय. सगळ्यांनाच विचारावं लागायचं, कारण न जाणो समोरचा पैसे भरणारा असला तर. एवढ्यासाठीच विचारायचे, मी काही खोटं सांगणार नाही. पण विचारता विचारता सवय लागते. थोरातबाईंनी नियम करून घेतला की बाकावर पेशंट एकटा सोडायचा नाही, आणि कोणी म्हणालं मला बरं वाटत नाही, तर झाडणारीसुद्धा थेट डॉक्टरला बोलवू शकते, तिला कोणी रागवायचं नाही. वर्षाने कोणीतरी मोफतवाल्यांच्या मनगटाला हळूच पिवळी पट्टी बांधायला सुरुवात केली. बाईंनी वॉर्डात फिरून स्वतः कापल्या. म्हणाल्या, रशीदभाई, हे मरत नाही, हे फक्त कपडे बदलतं. त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता पट्ट्यांवर मी लक्ष ठेवतो.

मी हडपसरला गेलो होतो. उशीर केला, दीड वर्ष. गजानन एका पत्र्याच्या खोलीत राहतो, मुलगी शाळेत गेली होती. मी दारातच सांगितलं, की तुमची बायको माझ्याशी बोलली होती आणि मी थांबलो नाही. त्याने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मग त्याने विचारलं, काय म्हणे ती. मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द, बरं दादा म्हणाली तेही. तो म्हणाला, तिले दादा नव्हता, एकटीच होती ती घरात. मग म्हणाला, तुम्ही आले ते बरं केलं, पण आता पुन्हा नका येऊ. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि निघालो. माफी मागायची राहिली. मागणार होतो, तोंडातून निघाली नाही.

मशिदीतल्या मौलानांना विचारलं, तर म्हणाले, अल्लाहचा गुन्हा केलास तर अल्लाह माफ करेल, माणसाचा हक्क मारलास तर तो त्या माणसानेच माफ करायचा असतो. ती तर गेली. मग मी कोणाकडे मागू. मौलाना म्हणाले, दुआ करत रहा. करतो.

आता दवाखान्यात पाहुणे येतात, दुसऱ्या दवाखान्यांचे, साहेब त्यांना फिरवतात, आमच्याकडे भेदभाव नाही म्हणून सांगतात. सांगू देत, खोटं नाही ते. माझी नजर कमी झालीये, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, पुढच्या वर्षी मला सोडतील. त्या रस्त्याने जायला मला हल्ली फार वेळ लागतो, कारण बाकावर जो कोणी बसला असेल त्याच्यापाशी मी थांबतो. बहुतेकांना काही नको असतं. एकदा एक बाई चिडली, म्हणाली, अहो काका, मी ठीक आहे, जा ना. मला इतकं बरं वाटलं.

चला, असरच्या नमाजाची वेळ झाली. तुम्ही चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. अल्लाह तुम्हाला धडधाकट ठेवो, तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना दवाखान्याची पायरी चढायला न लावो, आणि कधी चढावी लागलीच, तर तिथे माझ्यासारखा कोणी न भेटो, मी तेव्हा होतो तसा.