ट्रॉलीले वास्तू नसते

झुंबरबाई : म्हंजे मी वेडी झाली, असंच ना सूनबाई?

प्रेरणा : आई, असं कोण म्हणतंय? त्या ताईंशी फोनवर बोलायचं, एवढंच. पडद्यावर दिसतील त्या. समुपदेशन म्हणतात त्याला.

झुंबरबाई : बोलाले मले शेगावचे महाराज हायत. गुरुवार धरते, रोज निरांजनापुढं बसते.

अख्तरी : अन् काय सांगतं वं त्याइले?

झुंबरबाई : सांगाचं काय? त्याइले समजते.

अख्तरी : त्याइले समजत असंल. तुले झोप येते का?

झुंबरबाई : तू गादीसाठी कापूस न्याले आली ना? तो ने आधी.

अख्तरी : नेते. ट्रॉलीत भरूनच ठेवला हाय, पळून नाही जात. गाद्या भरता भरता माहे केस पांढरे झाले झुंबर, पण नरम गादीनं झोप येते, असं म्या अजून कोणत्याच गिऱ्हाइकाले नाही सांगतलं.

प्रेरणा : आई, मी पाहते ना. गेल्या वर्षी बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली अन् त्याच दिवाळीत शेजारच्या पुंजाजीकाकांनी जीव...

झुंबरबाई : गप! घरात नाही बोलाचं ते.

प्रेरणा : बरं, नाही बोलत. पण तेव्हापासून बाबा शेतात निघाले की तुम्ही मागोमाग.

झुंबरबाई : पाणी नेते मी.

अख्तरी : दिवसातून चार खेपा? भगवानराव माणूस हाय का उंट?

प्रेरणा : अन् परवा बाबा संडासात गेले, तर तुम्ही बाहेरून त्यांना अभंग म्हणायला लावलात!

झुंबरबाई : आवाज येत राह्यला म्हंजे जिवाले बरं वाटते.

अख्तरी : तौबा! मले वाटलं, गावात सप्ता बसला!

झुंबरबाई : हसा, हसा.

प्रेरणा : मग फवारणीच्या औषधांच्या खोलीची चावी? आंघोळीला जातानाही पदराला. फवारा काढायचा तर बाबांनी तुमच्यापुढे हात पसरायचा.

झुंबरबाई : त्याइले नाही राग येत. हसतात ते.

अख्तरी : हसंलच. तो ठीकच हाय वं. रातभर तूच जागी राह्यतं. म्या पाह्यलं ना, तुमच्या न्हाणीतला लाईट.

झुंबरबाई : पण पडद्यावरच्या बाईले माहं काय समजंल? पुण्याची असंल. माही बोली ऐकून तोंडावर पदर घेईल.

प्रेरणा : अकोल्याच्या आहेत. ते आधीच विचारून घेतलं मी.

झुंबरबाई : अन् मधातच रेंज गेली तं?

अख्तरी : तं अर्धं रडणं उरंल. ते माह्यापाशी रड.

प्रेरणा : त्या पुन्हा लावतील. अन् फोनवर मन नाही मोकळं झालं, तर खामगावला समोरासमोर बसता येतं, असं त्यांनीच सांगितलं. एकदा बोलून बघा. नाही पटलं तर नाही. इथंच, घरातल्या घरात, दार लावून. एसटीची वाट पाहायची नाही, कोणी बघायचं नाही.

झुंबरबाई : घरात?

प्रेरणा : हो. तोच तर फायदा.

झुंबरबाई : मंग नाही जमत.

अख्तरी : काऊन? मी दाराले कान लावन म्हून?

झुंबरबाई : वास्तू तथास्तु म्हणते, बाई. घरात अभद्र काढलं का घर ते खरं करते. माह्या सासूनं शिकवलं मले. मी तं महाराजांपुढंबी नाही काढत तो शबुद. देवघरबी घरातच हाय ना.

प्रेरणा : म्हणजे इतक्या दिवसांत... कोणालाच नाही?

झुंबरबाई : कोणालेच नाही.

अख्तरी : या अल्ला. चाल, उठ. माह्या घरी बस अन् बोल.

झुंबरबाई : अन् तुह्या घराले लावू? तुहा पोरगा कय्यूम हाय, नातवंडं हायत. नको.

प्रेरणा : मंदिराच्या ओट्यावर?

झुंबरबाई : तिथं तं अजून लवकर ऐकतात.

अख्तरी : थांबा. बाहीर ट्रॉली उभी हाय. ट्रॉलीले असते का तुमची वास्तू?

झुंबरबाई : ट्रॉलीले?... पाया नाही, उंबरा नाही. तिची कोणी वास्तुशांत नाही करत.

अख्तरी : मंग झालं! माह्या कापसावर बस, राणीवाणी.

प्रेरणा : अन् लिंबाखाली रेंजही चांगली आहे. चार वाजता फोन येणारच आहे. चला ना आई.

झुंबरबाई : अन् ते? तितका येळ शेतात एकलेच?

अख्तरी : उंटाले पाणी मी नेते. अभंगबी म्हणाले लावते, तू फिकर करू नको.

(लिंबाखाली. झुंबरबाई ट्रॉलीत, कापसावर. फोन वाजतो.)

प्रेरणा : आई, त्याच आहेत. उचलू? तुमच्या मनाविरुद्ध नाही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

झुंबरबाई : वाजू दे जरासा. अख्तरी, निघाली का तू? इकडं ये. हे गाठ सोड, माह्यानं सुटत नाही.

अख्तरी : हे तं चाबी हाय.

झुंबरबाई : हाव. तुह्यापाशी ठेव.

अख्तरी : ठेवते. आता सकायीच देईन.

झुंबरबाई : नाही, नाही, सकायी नको. तासभरच. तासभर कसं वाटते, ते पाहू दे मले. उचल वं प्रेरणा.