भावोजी दोरावर आहेत

हॅलो?… कोण?… ताई? अगं, तू?

हो, हो, येतंय ऐकू… नाही गं, रागावले नाहीये, धक्का बसलाय. त्या मोहिमेपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि आज स्वतःहून…

अच्छा. नवऱ्यासाठी.

दोरावरूनही फोन लावला त्यांनी तुला?… कमाल आहे. खिसे रिकामे करून चढा म्हणून सांगितलं होतं मी.

हो, लटकलेत… अगं, लटकलेत म्हणजे सरावाच्या भिंतीवर! खाली गाद्या आहेत, डोक्यावर हेल्मेट आहे, जोडीचा दुसरा दोर माझ्या सहकाऱ्याच्या हातात आहे. काही होत नाही त्यांना.

ताई, ऐक ना… अगं, ऐक तर आधी! इथली प्रशिक्षक मी आहे. नाव नोंदवताना त्यांना ते माहीत नव्हतं, त्यात माझा काय दोष? लोकांना डोंगरावर न्यायचा परवाना हवाय ना? मग अडकल्यावर स्वतःची सुटका स्वतः करता आली पाहिजे. दोरीचे दोन तुकडे दिलेत. एकाची गाठ कमरेशी, दुसऱ्याची पायाशी. वजन टाकलं की गाठ दोराला आवळते, वजन काढलं की वर सरकते. अशी एकेक सरकवत चढायचं, बस्स. बाकी सगळे चढले. एक शाळेतल्या बाई आहेत, त्या तर गाणं गुणगुणत चढल्या.

मुद्दाम?… नाही… बरं, थोडं मुद्दाम.

पाय सुन्न पडले म्हणतात? पायातल्या फासात उभे राहा म्हणावं, मोकळे होतात. मला तेव्हा हे सांगायलाही कुणी नव्हतं.

तेव्हा म्हणजे? क्लबाच्या मोहिमेआधी सरावाला गेलो होतो ना, त्या कड्यावर!… हो, तुला काय सांगितलंय ते माहितीये मला. मी घाबरले, रडले, हटून बसले, आणि यांनी मला वाचवलं. हो ना?… ताई, माझा पाय निसटला. कड्याच्या पोटाखाली अधांतरी लोंबकळत होते मी. वरून दोर धरणारे हेच. त्यांनी दोर खडकाला बांधला, ‘मदत आणतो’ म्हणाले, आणि मागच्या वाटेनं उतरून गाडीत जाऊन बसले. काचा वर करून! मला ओढून काढलं ते दुसऱ्या गटातल्या दोन अनोळखी मुलींनी.

त्यानंतर शिकले मी हे सगळं. प्रत्येक गाठ आवळताना यांचं तोंड डोळ्यांसमोर आणायचे. मनातल्या मनात कितीदा लटकवलं असेल!

पुरावा कसला मागतेस? वर लटकलाय पुरावा. थांब, स्पीकरवर टाकते.

भावोजी! ताई आहे फोनवर… नाही, उतरवणं नंतर. आधी बोला… मोठ्यानं. मघाशी तर चांगले ओरडत होतात… ‘परिस्थितीच तशी होती’ नको. गाडीत बसून राहिलात की नाही?… आणि क्लबात येऊन काय सांगितलंत?… आणि मोहिमेतून मला काढल्यावर माझ्या जागी कोण गेलं?… हं. तुम्हीच.

ऐकलंस?



रडू नकोस गं… नाही, तू तरी काय करणार, घरातलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर… असू दे… हो. मलाही येत होती तुझी आठवण. खूप.

काय?… क्लबाच्या अध्यक्षांना तू स्वतः सांगणार? आत्ता?… नको कशाला म्हणू? सांग ना. सगळं सांग.

बरं, आता घेऊ का खाली यांना? चेहरा अगदी पांढराफटक… काय म्हणालीस?… ताई!… अगं, दोर पक्का आहे गं, पण… नाही, धोका तसा काहीच नाही… बरं. बरं बाई. तसंच सांगते.

भावोजी! ताई म्हणतेय, स्वतःच्या हिमतीनं चढून या. तिला काही घाई नाहीये.

चल, ठेवते.